जेवताना उठणारी गाठ

अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर पुढ्यात आली की माझ्या उजव्या जबड्याखाली बोराएवढी गाठ उठायची. घास तोंडात गेला की आतून ताण बसून कळ यायची. जेवण आटोपल्यावर तासाभरात गाठ बसूनही जायची, त्यामुळे दवाखान्यात पोचेपर्यंत दाखवायला काही उरत नसे. गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी हळद-चुन्याचा लेप सांगितला, तर तालुक्याच्या एका दवाखान्यात दाढ काढायचं जवळपास ठरलंच होतं.

यवतमाळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "गाठ जेवतानाच येते, की कधीही?" मग हातमोजा घालून एक बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखाली ठेवून त्यांनी चाचपलं. लिंबाची फोड चोखायला दिली आणि जीभ वर करून आरसा समोर धरला. जिभेखाली मधोमध दोन बारीक उंचवटे असतात. डावीकडच्यातून लाळ झिरपत होती, उजवीकडचा कोरडा होता. लाळेच्या नळीत खडा अडकला होता.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळूत शेकडो बारीक ग्रंथी. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ देतात. घास ओला करणं, पिठूळ अन्न पचवायला सुरुवात करणं, दातांना कीड लागू न देणं ही तिची कामं. दहातले आठ खडे जबड्याखालच्या ग्रंथीचेच असतात. तिची लाळ दाट, चुनायुक्त, आणि नळी लांब. पाटाचं पाणी चढावर न्यावं तसं तिला खालून वर जावं लागतं. त्यात आमच्याकडचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि शेतात पाण्याविना गेलेली दुपार, म्हणजे लाळ आणखी घट्ट होते. आंबट खाल्लं की ग्रंथी जोरात पाझरते, वाट बंद असल्याने फुगते आणि दुखते.

माझा खडा नळीच्या तोंडाशीच होता. तेवढाच भाग बधिर करून, जिभेखाली छोटा छेद घेऊन काढला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, पिवळसर, खरबरीत. लहान खडे भरपूर पाणी, आंबट चोखणं आणि ग्रंथीवर मागून पुढे हलकं चोळणं यानेही बाहेर येतात. खडा खोलवर असेल तर दुर्बिणीने काढतात किंवा ग्रंथीच काढावी लागते. सोनोग्राफीत तो बहुधा दिसतो. पण ताप आला, जिभेखालून पू आला, तर घरी लिंबू चोखत बसू नका. जिभेखालची जागा उचलली जाऊन गिळणं किंवा श्वास जड झाला, तर रात्र असली तरी निघा.

बोटाने चाचपायची ही तपासणी तोंड उघडलं तरच होते. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्यांचं काय करायचं? दिवसभर थुंकणाऱ्याला लाळ आटली की वाढली, तेही कळत नाही.

जेवणाशी संबंध नसलेली, न दुखणारी आणि हळूहळू वाढणारी गाठ वेगळी. कानापुढच्या ग्रंथीच्या बहुतेक गाठी साध्या निघतात, पण ते सुईने नमुना घेतल्यावरच कळतं. त्याच बाजूचा डोळा नीट मिटेना किंवा ओठ वाकडा झाला, तर लेप-डाग बाजूला ठेवून मोठ्या दवाखान्यात जा. मुलांची गालफुगी मात्र विषाणूची असते, बहुधा आपोआप बरी होते. वयात आलेल्या मुलाचा अंडकोष सुजला, किंवा कुणाचीही मान ताठरली, तर डॉक्टरांना दाखवा.

आमच्या जिल्ह्यात लाळेचा एक निराळाच इशारा ओळखावा लागतो. 2017 च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो आजारी पडले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी फवारणीची औषधं ग्रंथींना मिळणारी आज्ञा थांबूच देत नाहीत. तोंड लाळेने भरतं, घाम सुटतो, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुल्या बारीक होतात, छातीत स्राव साचून दम लागतो. दवाखान्यात ॲट्रोपिन देतात, तेव्हा रोग्याचं तोंड कोरडं पडून तो पाणी मागू लागतो आणि नातेवाईक घाबरतात. छातीतला स्राव आटवण्यासाठीच ते औषध असतं. मात्र फवारणीच्या प्रत्येक औषधाने लाळ सुटतेच असं नाही. नुसती चक्कर, उलटी किंवा अंधुक दिसणं एवढंही दवाखान्यात जायला पुरे आहे.

असं झालं तर अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, उलटी करवू नका. लाळ गळत असेल तर रोग्याला कुशीवर निजवा. एकाहून जास्त औषधं पंपात मिसळली असतील, तर त्या सगळ्यांच्या बाटल्या लेबलासकट सोबत घ्या.