व्हॉल्व्ह बदलण्यापूर्वी दोष कोठे आहे ते पाहा

मार्वेच्या जेटीवरून होडीने खाडी ओलांडली की मनोरी लागते. तेथील एका घरातला व्हॉल्व्हचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर आमच्याकडे दुरुस्तीस आला. उजव्या बाजूचा आवाज फाटत होता. मालकांना दुसरीकडे चारही आउटपुट व्हॉल्व्ह बदलण्याचा सल्ला मिळाला होता. खर्च ऐकून ते सेट भंगारात काढायला निघाले होते.

बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले होते. ते केव्हाच बंद झाले. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीनमध्ये बनतात आणि महाग पडतात. म्हणून कारागीर बंधूंनी तपासणीचा क्रम पाठ करावा.

आधी जिवाची काळजी. अशा सेटमध्ये ३०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब असतो. प्लग काढल्यावरही तो फिल्टर कंडेन्सरमध्ये टिकतो. १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपने लावून कंडेन्सर रिकामा करावा. मीटरवर शून्य दिसल्यावरच आत हात घालावा. स्पीकर जोडल्याशिवाय सेट चालू करू नये.

१) काच पाहा. आतला रुपेरी डाग पांढरा झाला असेल तर हवा शिरली आहे. तो व्हॉल्व्ह गेला.

२) फिलामेंट तपासा. ईएल ८४ व ईसीसी ८३ मध्ये ते ४ व ५ नंबरच्या पिनांवर असते. मीटरने काहीच ओहम दाखवले नाहीत तर फिलामेंट तुटले.

३) सॉकेट साफ करा. मनोरीसारख्या खाऱ्या हवेत पिनांवर गंज चढतो. मग चांगला व्हॉल्व्हही खरखरतो.

४) डावा-उजवा व्हॉल्व्ह अदलाबदल करा. दोष व्हॉल्व्हबरोबर गेला तर व्हॉल्व्ह खराब, जागेवर राहिला तर सर्किट. मात्र प्लेट लाल होत असेल तर अदलाबदल करू नये, चांगला व्हॉल्व्हही जळेल. लगेच सेट बंद करावा.

५) ग्रिड मोजा. ज्या सेटमध्ये ईएल ८४ च्या कॅथोडला रेझिस्टन्स असतो, तेथे २ नंबरच्या पिनेवर चेसिसच्या मानाने जवळजवळ शून्य व्होल्ट हवे. सेट बंद असताना मीटरची क्लिप लावावी, मग क्षणभर चालू करावा. पॉझिटिव्ह व्होल्टेज दिसले तर सेट बंद करून तो व्हॉल्व्ह काढावा व पुन्हा मोजावे. व्होल्टेज गेले तर दोष व्हॉल्व्हचा. राहिले तर मागच्या स्टेजकडून येणारा कपलिंग कंडेन्सर लीक आहे.

मनोरीच्या सेटमध्ये व्होल्टेज राहिले. आम्ही योग्य व्होल्टेजचा नवा कंडेन्सर घातला, सॉकेट साफ केले आणि चारही जुने व्हॉल्व्ह परत बसविले. आवाज स्वच्छ झाला.

काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि काय बदलले ते बिलावर लिहावे. चार व्हॉल्व्ह विकून एकदाच नफा होतो. खरा दोष सांगणाऱ्या कारागिराकडे तेच गिऱ्हाईक पुन्हा येते आणि शेजाऱ्यालाही घेऊन येते.