डीएल ते एमएच-२२

येलदरीच्या जुन्या वसाहतीला लागून असलेल्या एका अंगणात ताडपत्रीखाली एक पांढरी गाडी नऊ महिने उभी होती. पोरांनी मागच्या काचेवरच्या धुळीत आपापली नावं लिहिली, मांजरीनं बॉनेटखाली पिल्लं घातली. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की जिंतूर, सेनगावकडची माणसं पूर्णेचं पाणी बघायला येतात. त्यांतलं कुणी ना कुणी ताडपत्रीखालून डोकावणारी नंबरप्लेट वाचून विचारायचंच, ‘‘दिल्लीचे पाहुणे आलेत का सर?’’

सर म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक. पाहुणे कुणी आले नव्हते. डीएल नंबरची ती गाडी त्यांनीच मे २०२३ मध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीत, दिल्लीहून चालवत आणली होती.

खरं तर गाडी येणार होती दुबईहून. सरांचा भाचा तिथं नोकरीला. ‘‘मामा, इथं तीन-चार वर्षं वापरलेली गाडी मातीमोल भावात मिळते, जहाजात टाकून देतो,’’ असं तो दरवर्षी म्हणायचा. मराठवाड्यात ज्याचं कुणी आखातात आहे, त्या प्रत्येक घरात हे बोलणं एकदा तरी झालेलं असतं. ते बोलण्यापुरतंच राहतं, कारण आखाती देशांत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते आणि गाडीचं स्टिअरिंग डाव्या हाताला असतं. भारताच्या आयात नियमांना जुनी गाडी हवी ती उजव्या स्टिअरिंगची, उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली, किलोमीटरचा मीटर असलेली, पुढं किमान पाच वर्षं रस्त्यावर चालेल अशी. शिवाय ती उतरवायची फक्त मुंबई बंदरात. म्हणजे दुबईच्या बाजारातल्या बहुतेक गाड्या पहिल्याच अटीला बाद. इंग्लंड, जपान, सिंगापूरची गाडी स्टिअरिंगच्या परीक्षेत पास होते, पण पुढं सीमाशुल्क उभंच असतं.

हे शुल्क किती असावं? जुन्या गाडीवर मूळ दर १२५ टक्के होता आणि त्यावरचा अधिभार धरून १३७.५ टक्के. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ दर ७० टक्क्यांवर आणल्याची बातमी आली आणि पुष्कळांनी भाच्यांना फोन लावले. पण त्याच अर्थसंकल्पानं ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा अधिभार बसवला. बेरीज पुन्हा १३७.५. शेतीच्या नावानं गाडीवर कर बसावा, ही गंमत येलदरीसारख्या धरणाच्या गावात जरा जास्तच लागते. जीएसटी याच्या वर, वेगळा.

सचिन तेंडुलकरलाही हा हिशेब चुकला नाही. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून फियाटनं त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. २००३ मध्ये तिच्यावरचं सुमारे १ कोटी १३ लाखांचं शुल्क सरकारनं माफ केलं, त्यावर देशभर ओरड झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि अखेर पैसे फियाटनं भरले. फुकट मिळालेल्या गाडीची ही कथा. मुंबई-गोव्यात कधी परदेशी नंबरची गाडी फिरताना दिसते, ती बहुधा ‘कार्नेट’वर आलेली असते. कार्नेट म्हणजे सीमाशुल्काची हमी देणारी वही. सहा महिन्यांनी ती गाडी देशाबाहेर काढावीच लागते, विकता येत नाही.

तर दुबई बारगळली आणि सरांच्या मेहुण्यानं दिल्लीचं नाव काढलं.

दिल्लीत गाडी स्वस्त का, याला ठोस कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये आणि मग सर्वोच्च न्यायालयानं २९ ऑक्टोबर २०१८ ला दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी घातली. खासगी गाडीची नोंदणी कायद्यानं पंधरा वर्षांची असते. त्यामुळे नऊ वर्षांची डिझेल गाडी दिल्लीत मरणपंथाला लागलेली असायची आणि परभणीला आणली की तिला सहा वर्षांचं आयुष्य मिळायचं. भावातला सगळा फरक या वाढीव आयुष्याचा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केवळ वयावरून अशा गाड्यांवर कारवाई करू नका असं अंतरिम सांगितल्यावर बाजार थोडा हलला, पण सर गेले तेव्हा जून २०१४ च्या डिझेल गाडीला दिल्लीत जेमतेम वर्ष उरलं होतं. परभणीत पाचाला मिळणारी गाडी तिथं तीन लाख चाळीस हजारांना सांगितली जात होती.

सर, मेहुणा आणि जिंतूरचे एक मिस्त्री असे तिघं परभणीहून सचखंड एक्स्प्रेसनं निघाले. या गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर लंगरचा प्रसाद मिळतो, तेव्हा जाण्याचा खर्च फारसा झाला नाही. सर हे आजही सांगतात, कारण स्वस्तात झालेलं तेवढं एकच काम.

मिस्त्रींनी मात्र आपलं काम चोख केलं. पहिली गाडी चकाचक होती. त्यांनी इंजिनाकडं पाहिलंच नाही. मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. रोज वापरात येणारा पट्टा स्वच्छ होता. एरवी गुंडाळलेला राहणारा शेवटचा हातभर पट्टा मात्र पिवळट पडलेला, त्यावर आडवी रेघ आणि विणीत बारीक गाळ. ‘‘पाण्यात होती,’’ एवढंच म्हणून ते उतरले. मुंबईचा २६ जुलै २००५, चेन्नईचा डिसेंबर २०१५, अशा प्रत्येक महापुरानंतर विमा कंपन्यांनी बाद ठरवलेल्या गाड्या लिलावात जातात. त्यांतल्या काही धुऊनपुसून दूरच्या बाजारात उभ्या राहतात. दुसऱ्या गाडीचा मीटर बेचाळीस हजार किलोमीटर दाखवत होता. ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, आणि चारही टायरांच्या बाजूवर चार आकडे होते ३२२१, म्हणजे २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेले. एवढ्या कमी पळालेल्या गाडीला नवे चार टायर कशाला लागले असतील? मिस्त्रींनी हा प्रश्न मोठ्यानं विचारला आणि विकणाऱ्यानं चहा मागवला.

तिसरी गाडी पसंत पडली. इंजिन, गिअर, क्लच, खालचा पत्रा, सगळं ठीक. चेसी नंबर बघताना मिस्त्रींनी कागद धरून वरून पेन्सिल घासली, सतरा अक्षरं उमटली, आरसीशी जुळली. सुरुवात एमए३ अशी, म्हणजे मारुतीची. टाटाची असती तर एमएटी आली असती. कोरलेली अक्षरं एका उंचीची आणि एका ओळीत आहेत, भोवती घासल्याची खूण नाही, हेही त्यांनी बोट फिरवून पाहिलं.

एवढी पारख लोखंडाची झाली. कागदाची पारख कुणी केलीच नाही. कागदांचं प्लास्टिकचं पाकीट होतं, त्यात एनओसी होती, मालकी बदलण्याच्या टीटीओ फॉर्मवर सह्या होत्या. ‘‘सब क्लियर है सर,’’ असं विकणारा म्हणाला आणि सरांनी पाकीट डिकीत टाकलं. मिस्त्री सोबत न्यायचं सुचलं, पण निघण्याआधी आरटीओत काम करणाऱ्या ओळखीच्या एजंटला एक फोन करावा, हे तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

इंदूर, बऱ्हाणपूर, मलकापूर, बुलडाणा, मेहकर, रिसोड, सेनगाव असा सव्वा हजार किलोमीटरच्या वरचा प्रवास मजेत झाला. येलदरीचा पूल ओलांडून गाडी अंगणात आली, नारळ फुटला, पेढे वाटले.

आठवड्यानं परभणीला कागद दाखवले, तेव्हा एजंटनं एनओसीच्या मधल्या ओळीवर बोट ठेवलं. दुसऱ्या राज्यात गाडी न्यायची तर मूळ कार्यालयाकडून नमुना २८ मध्ये ना-हरकत घ्यावी लागते आणि ती कोणत्या नोंदणी कार्यालयासाठी आहे, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. सरांच्या एनओसीवर नांदेड लिहिलं होतं, एमएच-२६. परभणी एमएच-२२. गाडी आधी नांदेडच्या कुणाला तरी विकायची ठरली होती, त्याच्या नावानं कागद निघाले, तो फिरला, आणि तीच एनओसी सरांच्या पाकिटात आली. विकणाऱ्याच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे महाराष्ट्र.

मार्ग दोनच होते. नांदेडचा पत्ता दाखवून तिथं नोंदणी करायची आणि मग परभणीला बदलून घ्यायची. ‘‘पत्ता काय, भाडेकरार करून देऊ की,’’ असं सुचवणारेही भेटले. शाळेत मुलांकडून प्रतिज्ञा म्हणून घेणाऱ्या माणसाला ते जमेना. खोट्या पत्त्यावरची नोंदणी रद्द होऊ शकते आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं निमित्त मिळतं, हेही खरंच. दुसरा मार्ग सरळ, पण लांबचा. ही एनओसी इथं वापरलेली नाही असा नांदेडहून दाखला आणायचा, तो दिल्लीला द्यायचा, जुनी रद्द करून परभणीच्या नावानं नवी काढायची. अर्जावर सही लागणार मूळ मालकाची. मूळ मालकानं गाडी दलालाला विकून दीड वर्ष झालेलं. फॉर्मवर त्याच्या सह्या होत्या, तारखा नव्हत्या, आणि आरसीला जोडलेला मोबाइल नंबर बंद.

दलालानं फोन उचलणं बंद केलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो दर वेळी गोड बोलायचा, पुढचा सोमवार सांगायचा. जुन्या गाडीच्या धंद्यात लबाड माणसं आहेतच, पण सरांना भेटलेला माणूस लबाडापेक्षा घाईतला होता. त्याचा धंदा गाडी फाटकाबाहेर गेली की संपतो आणि घेणाऱ्याचा खरा व्यवहार तिथून सुरू होतो.

इकडे दोन घड्याळं चालू होती. दुसऱ्या राज्यात आणलेल्या गाडीला बारा महिन्यांच्या आत नवा नंबर घ्यावा, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं. ही सवलत नंबरापुरती आहे, गाडी इथं वापरायची तर राज्याचा कर त्यासाठी थांबत नाही. आणि जून २०२४ मध्ये गाडीला दहा वर्षं पूर्ण झाली असती, मग दिल्लीच्या दफ्तरी तिची गणती आयुष्य संपलेल्या गाड्यांत. म्हणून गाडी ताडपत्रीखाली. विमा आधीच्या मालकाच्या नावावर होता. गाडी हातात आल्यावर चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. नाही केला तर समोरच्याची भरपाई विमा देतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे अडकतात. नव्या नोंदणीशिवाय सरांना तेही नीट जमत नव्हतं.

मूळ मालक सापडला तो एका साध्या युक्तीनं. सर्व्हिसिंगच्या जुन्या पावतीवर त्याच्या नोकरीच्या ठिकाणाचा फोन होता. तो घाबरलाच, कारण गाडी अजून आपल्याच नावावर आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. सरांनी हे त्याला समजावून सांगितलं आणि तो स्वतःहून कचेरीत आला. गाडी विकणाऱ्या आपल्याकडच्या माणसांनीही हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोऱ्या टीटीओवर सही करून गाडी सोडून देणारे परभणीतही कमी नाहीत.

दिल्लीच्या दोन खेपा, कुरिअर, दोन्हीकडचे एजंट, आधीच्या मालकाची थकलेली ई-चलनं, आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर. हा कर तीन चाळीसवर बसत नाही, गाडीच्या मूळ नव्या किमतीवरून वयाप्रमाणे काढला जातो, हे सरांना खिडकीपाशी कळलं. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण एवढ्या जुन्या गाडीला तो मागायला जाण्याचं भाडं जास्त. दीड लाख वाचवायला गेलेल्या सरांच्या हाती शेवटी चाळीसेक हजारांचा फायदा लागला, त्यातून नऊ महिने वजा.

आता सरांकडे कुणी विचारायला आलं की ते क्रम सांगतात. टोकन देण्याआधी गाडीचा नंबर परिवहनच्या अॅपवर टाका. मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, चलनं किती, गाडी काळ्या यादीत आहे का, सगळं दिसतं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय पुढं जाऊ नका. चोरीची गाडी आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’वर बघता येतं. मूळ मालकाशी स्वतः बोला, व्हिडिओ कॉल करा. पैसे बँकेतूनच द्या आणि ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या, म्हणजे सकाळच्या चलनाचा वाद संध्याकाळी तुमच्याशी नको. आणि एनओसी आपल्या आरटीओच्या नावानं निघेपर्यंत गाडी विकणाऱ्याच्याच दारात राहू द्या, रेल्वेनं परत या.

सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागानं ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवून तीसहून अधिक महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. भूतानमार्गे आणलेल्या आणि बनावट कागदांवर भारतात नोंदवलेल्या गाड्या, असा संशय. त्यांतल्या काही घेणाऱ्यांनी आपण रीतसर पैसे मोजल्याचं सांगितलं. सरांनी ती बातमी कापून पाकिटात ठेवली आहे, त्याच प्लास्टिकच्या.

गेल्या महिन्यात रविवारी सेनगावकडचा एक तरुण पेढे घेऊन आला. गाडी घेतली, दिल्लीची, निम्म्या भावात. सरांनी पेढा हातात धरला, तोंडात घातला नाही.

‘‘एनओसी दाखव बरं.’’

त्यानं मोबाइलवर फोटो काढून पुढं केला. सरांनी चष्मा वर केला, दोन बोटांनी मधली ओळ मोठी केली.

‘‘अकोला,’’ सर म्हणाले आणि आत चहा ठेवायला सांगितला.