चूक वैमानिकाची की कॉकपिटची?

गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत माझ्या हातून एक पंप नादुरुस्त झाला. दोन पंप शेजारी शेजारी होते. डावीकडच्या पंपात मी पाणी भरून घेतले आणि डावीकडचे स्टार्टर दाबले. पण ते स्टार्टर उजवीकडच्या पंपाचे निघाले! तो कोरडाच फिरला आणि त्याचे सील जळाले. "लक्ष कुठे होते?" असे सरांनी विचारले. मी मान खाली घालून माफी मागितली. सर गेल्यावर प्रयोगशाळेतले मामा हळूच म्हणाले, "दर वर्षाला एक पोरगं तरी हेच करतंय बघ."

मामांचे हे वाक्य माझ्या मनातून जाईना. दर वर्षी निरनिराळी मुले एकाच जागी चुकत असतील, तर दोष केवळ मुलांचाच कसा? पुढे विमानाच्या कॉकपिटविषयी वाचन करू लागलो, तेव्हा याच प्रश्नातून एक शास्त्र उभे राहिल्याचे आढळले. त्याची थोडी ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ जातीची बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरत आणि धावपट्टीवर आल्यावर वैमानिक चाकेच आत ओढून घेत. विमान पोटावर बसे. अहवालात कारण लिहिले जाई, 'वैमानिकाची चूक'. १९४३ च्या सुमारास आल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने माणसाऐवजी कॉकपिट तपासले. चाकांचा खटका आणि पंखांवरील फ्लॅपचा खटका एकमेकांशेजारी होते आणि दिसायला अगदी सारखे होते. उतरल्यावर फ्लॅप मिटायचे असत, पण थकलेला हात शेजारच्या खटक्यावर पडे. सी-४७ या विमानात अशी रचना नव्हती आणि तेथे हा प्रकारही घडत नव्हता. चॅपॅनिसने सुचविलेला उपाय साधा होता. चाकांच्या खटक्याला रबराचे छोटे चाक बसवावे आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. म्हणजे न पाहताही बोटांना फरक कळेल. आज प्रवासी विमानांच्या नियमांतही या दोन दांड्यांच्या मुठींचे आकार असेच वेगळे ठरवून दिलेले आहेत.

१९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदलेले ४६० अनुभव अभ्यासले. त्यांपैकी सुमारे निम्म्या प्रसंगांत एका खटक्याऐवजी दुसराच हाताळला गेला होता. उपकरणे वाचण्यातही घोटाळे होत. त्या काळच्या उंचीमापकात घड्याळासारखे तीन काटे असत: शेकडा, हजार आणि दहा हजार फुटांचे. घाईत हजाराचा काटा चुकीचा वाचला, तर एक हजार फुटांची चूक होई. डोंगराळ मुलखात हजार फूट म्हणजे जीवन-मरणाचे अंतर होय.

मग बसण्याची जागा. अमेरिकन हवाई दलाने १९५० मध्ये ४०६३ वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्सने त्यांतली दहा मापे निवडली आणि दहाही बाबतींत सरासरीच्या जवळपास बसणारा माणूस शोधला. असा एकही सापडला नाही! सरासरी माणसासाठी केलेली खुर्ची कोणालाच नीट बसत नव्हती. म्हणून खुर्ची आणि पायातील पेडल मागेपुढे सरकविता आले पाहिजेत, हे तत्त्व पुढे आले.

आता संगणक आला, तेव्हा अशा चुका संपल्या असतील असे कोणी म्हणेल. पण तसे नाही. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ एक ए-३२० विमान डोंगरावर आदळले आणि ९६ पैकी ८७ जण मृत्युमुखी पडले. ३.३ अंशांच्या उताराने उतरण्याचा आकडा दिला, पण यंत्रणा दुसऱ्या पद्धतीवर असल्याने तिने तो मिनिटाला ३३०० फूट असा घेतला असावा, ही शक्यता चौकशीत पुढे आली. त्या खिडकीत एक '-३.३' दिसे, तर दुसरे '-३३'. फरक केवळ एका टिंबाचा! नंतर दुसरा आकडा '-३३००' असा पूर्ण दिसेल अशी सुधारणा करण्यात आली.

या साऱ्याचा अर्थ वैमानिकाने सावध राहू नये असा मुळीच नाही. पण माणूस थकतो, घाबरतो, घाईत असतो. त्याला "लक्ष दे" असे सांगणे सोपे. त्याचे लक्ष क्षणभर ढळले तरी अनर्थ होणार नाही अशी रचना करणे अवघड. इंजिनिअरचे खरे काम हे दुसरे आहे.

सुट्टीत मी आणि मामांनी मिळून एक पंप व त्याचे स्टार्टर हिरव्या रंगाने आणि दुसरी जोडी पिवळ्या रंगाने रंगविली. यंदाच्या वर्गाचा तो प्रयोग झाला. दोन्ही पंप शाबूत आहेत. मित्रहो, आपल्यापैकी कोणी उद्या एखादे यंत्र, एखादा बोर्ड किंवा साधी गिरणीही उभारील. त्या वेळी तेथे काम करणाऱ्या माणसाला आधी विचारा, "येथे कोण कोण चुकते आणि कोठे?" माझ्या मते आराखड्याची पहिली रेघ त्या उत्तरानंतरच ओढावी.