साहेबांकडे शेवटी पाहा

तहसील कचेरीत ३४ वर्षं कारकुनी केली. निवृत्तीनंतर जावयानं जगभरच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. निसर्गचित्रं मी भराभर उलटली. जिथं कागद, दौत आणि टेबल दिसलं, तिथं थांबलो. त्यातून जमलेलं हे शहाणपण.

१. आधी दार पाहावं. मेकेत्रे नावाच्या इजिप्तमधल्या बड्या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली लाकडी प्रतिकृती सापडल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांतलं एक धान्याचं कोठार. पुढच्या भागात कारकून खाली बसून हिशेब लिहितायत. कुणाच्या मांडीवर पपायरसची गुंडाळी, कुणाकडे लाकडी पाटी. मागे हमाल धान्य ओततायत. आणि दाराशी एक जण दांडकं घेऊन बसलाय. आमचा पट्टेवालाच की! मेकेत्रेसाहेबांचा कोठारात पत्ता नाही. गुरांच्या मोजणीच्या प्रतिकृतीत मात्र ते जातीनं हजर, सावलीत बसलेले.

२. मग रांगेतल्या माणसाचे हात. धाकट्या पीटर ब्रूगेलनं सतराव्या शतकात एकच कचेरी पुन्हा पुन्हा रंगवली. कागदांचे ढीग, भिंतीला टांगलेल्या पिशव्या, जमिनीवर चिटोरे. ही करवसुलीची कचेरी की गावातल्या वकिलाची, यावर जाणकारांत वाद आहे. टोपी काढून, कोंबड्या-अंडी घेऊन ताटकळणाऱ्या शेतकऱ्याला त्यानं काय फरक पडतो? माझ्याकडेही एक म्हातारा फेरफाराच्या नोंदीसाठी आला होता, भुईमुगाच्या शेंगा घेऊन. मी ‘नको, नको’ म्हणालो. पिशवी टेबलाखाली राहिली आणि संध्याकाळी माझ्या सायकलला लागली. ब्रूगेलचं चित्र पाहताना त्या शेंगा आठवल्या.

३. चित्रकार हजर होता का, ते तपासावं. १७९० साली पेशवे आणि इंग्रज यांच्यात टिपूविरुद्ध तह झाला. त्या दरबाराचं मोठं तैलचित्र आहे. त्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि इंग्रजांचा वकील मॅलेट. पण जेम्स वेल्स हा चित्रकार मुंबईत उतरला १७९१ साली. पुण्यात त्यानं पेशवे आणि नाना यांना समोर बसवून चेहरे टिपले, आणि १७९५ साली तो वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं १८०५ साली चित्र पुरं केलं. म्हणजे प्रसंगाला दोघंही गैरहजर! मला यात काही वावगं वाटलं नाही. बैठकीचं इतिवृत्त मागाहून लिहायची सवय आम्हालाही होतीच. बैठक झालीच नसेल तर ते जास्त नीटनेटकं उतरायचं.

४. थट्टा सांभाळून. फ्रान्सच्या दोमिए या व्यंगचित्रकारानं १८३१ साली राजाला कर गिळणारा राक्षस दाखवलं. वरून पैशाच्या टोपल्या जातायत, खालून नेमणुकांचे कागद बाहेर पडतायत. त्याला सहा महिन्यांची कैद झाली. आमच्याकडच्या एका पोरानं फळ्यावर साहेब काढले होते. हुबेहूब जमले होते, तीच चूक झाली.

५. कपाटात जुन्या कचेरीचा ग्रुप फोटो असेल, तर आजच त्याच्या मागे नावं लिहून ठेवा, कडेला उभ्या असलेल्यांचीसुद्धा. आमच्या फोटोत साहेब मधोमध आहेत, हार घातलेले. उजव्या टोकाला पट्टेवाला, अर्धा कापलेला. त्याचं नाव आम्हा कुणालाच आठवत नाही.