विभाजक, विभाज्य आणि शून्याचें स्थान

कांहीं वर्षांपूर्वीं सातवीच्या वर्गांत आम्हीं पांचाचे विभाज्य फळ्यावर लिहावयास सांगितले. एका विद्यार्थ्यानें ०, ५, १०, १५ असे आंकडे मांडले. आम्हीं शून्य पुसून टाकलें आणि म्हणालों, "शून्य म्हणजे कांहींच नव्हे; त्याची गणना येथें करावयाची नाहीं." वर्ग हंसला. त्या मुलानें मात्र हळूच विचारिलें, "सर, पांचास शून्यानें गुणिलें तर शून्य येतें, मग तें पांचाच्या पटींत कां नाहीं?" तास संपत आला होता. आम्हीं त्यास खालीं बसविलें. परंतु रात्रीं तो प्रश्न मनांतून जाईना. दुसऱ्या दिवशीं तें शून्य आम्हीं पुन्हां फळ्यावर लिहिलें आणि सर्व वर्गादेखत आपली चूक कबूल केली. त्या दिवशीं जें शिकविलें, तेंच येथें थोडक्यांत मांडीत आहों.

प्रथम व्याख्या पक्की करूं. शून्य, १, २, ३ इत्यादि धन संख्या आणि −१, −२, −३ इत्यादि ऋण संख्या, या सर्वांस पूर्णांक म्हणतात. दोन पूर्णांकांचा गुणाकार हा त्या दोहोंचा विभाज्य, म्हणजे पट होय. आणि ते दोन्ही त्याचे विभाजक, म्हणजे अवयव होत. ३ × ४ = १२; म्हणून १२ हा ३ चा विभाज्य व ३ हा १२ चा विभाजक. 'विभाजक' या नांवांत भागाकार दिसत असला तरी व्याख्या गुणाकारावर उभी आहे, हें ध्यानांत ठेवावें.

आतां वर व खालीं कोठेंच न संपणारा एक जिना कल्पूं. आपण उभे आहों ती पायरी शून्य. वरच्या पायऱ्या १, २, ३ आणि खालच्या −१, −२, −३. जो एका ढांगेंत तीन पायऱ्या ओलांडतो, त्याचें पाऊल चढतांना ३, ६, ९ वर आणि उतरतांना −३, −६, −९ वर पडतें. हे सर्व ३ चे विभाज्य. परंतु तो निघाला शून्यावरून! पांच पायऱ्यांची ढांग टाकणाराही तेथूनच निघतो, सातांची टाकणाराही तेथूनच. म्हणून शून्य हा प्रत्येक पूर्णांकाचा विभाज्य आहे. तो २ चाही विभाज्य असल्यानें सम ठरतो. जानेवारी २०१६ मध्यें दिल्लींत मोटारींसाठीं सम-विषम तारखांचा नियम लागू झाला, तेव्हां ज्या गाडीच्या क्रमांकाचा शेवटला अंक शून्य, ती समांतच धरली होती.

उलट, ज्याची ढांगच शून्य पायऱ्यांची, तो कितीही ढांगा टाको, शून्यावरच राहणार. म्हणून शून्याचा विभाज्य एकटा शून्य. आणि शून्यावांचून इतर कोणत्याही संख्येचा शून्य हा विभाजक नव्हे.

कोणी म्हणेल, शून्यानें भागतां येत नाहीं, मग शून्य हा शून्याचा विभाजक कसा? ० = ० × ७ हें खरें; ० = ० × (−३) हेंही खरें. गुणाकार जुळला, व्याख्या पुरी झाली. परंतु ० ÷ ० चें उत्तर ७ म्हणावें कीं −३, हें ठरत नाहीं. म्हणून तो भागाकार वर्ज्य. कांहीं पुस्तकांत विभाजक शून्येतरच असावा अशी अट घालतात. तें पुस्तक वाचतांना त्याचीच व्याख्या पाळावी. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' या ग्रंथांत धन, ऋण आणि शून्य यांच्या गणिताचे नियम घालून दिले. शून्यास शून्यानें भागिलें असतां शून्य येतें, हा त्यांतील नियम मात्र आज मान्य नाहीं. एवढ्या थोर गणित्याच्याही वचनाची परीक्षा करावी लागते, तर आमच्यासारख्या शिक्षकाची कां करूं नये?

ऋणास ऋणानें गुणिलें असतां धन येतें, हा ब्रह्मगुप्ताचा नियम आपल्या जिन्यावरही पटतो. खालीं तोंड करून उभे राहा आणि तीन-तीन पायऱ्या चार वेळां मागें सरा. तुम्ही १२ व्या पायरीवर पोंचाल. म्हणजे (−३) × (−४) = १२. म्हणून १, २, ३, ४, ६, १२ यांजबरोबर −१, −२, −३, −४, −६, −१२ हेही १२ चे विभाजक होत, एकंदर बारा. −१२ चे विभाजकही हेच.

यावरून ल. सा. वि. काढतांना लहानांत लहान धन विभाज्यच कां घ्यावा, तें कळेल. शून्य तर सर्वांचाच साधारण विभाज्य. आणि ऋण विभाज्यांकडे वळल्यास लहानपणास अंतच नाहीं.

आतां विद्यार्थ्यांनीं घरीं तीन प्रश्न सोडवावे. −१८ चे सर्व विभाजक कोणते? ज्यांस दोनच विभाजक आहेत असे पूर्णांक कोणते? ज्याच्या विभाजकांस गणतीच नाहीं, असा पूर्णांक कोणता?

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलाच्या प्रश्नास उत्तर सुचलें नाहीं तर त्यास खालीं बसवूं नये. "उद्यां मिळून पाहूं," असें म्हणावें. आम्हांस तें एक दिवस उशीरा सुचलें.