ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात सायबर सुरक्षेचा कार्यक्रम रीतसर झालेला आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण विषय निघाला की संस्थेतलं कुणी ना कुणी ते ऐकवतंच. बॅनर होता, पाहुणे होते, शाल-श्रीफळ होतं. पोरांनी उजवा हात पुढे करून शपथ घेतली आणि जिओटॅग केलेले फोटो अहवालाला जोडून वर गेले. प्रास्ताविक, परिचय, सत्कार आणि आभार वजा जाता मूळ विषयाला जो वेळ उरला, त्यातून एकच वाक्य पोरांच्या डोक्यात पक्कं बसलं: ओटीपी कुणाला सांगू नका.

मी मागितलं होतं ते वेगळं होतं. आठवड्याला एक तास, लॅबमध्ये, छोट्या गटानं. सिम कुणाच्या नावावर आहे ते कसं बघायचं, बँक खातं म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं काय, आधार कुठे कुठे जोडलं गेलंय, असलं सगळं प्रत्यक्ष करून घ्यायचं. प्राचार्य हसले. "मॅडम, मोबाईल तर ही पोरंच आपल्याला शिकवतील." त्या अर्जाची आवक शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. ठेवलीय मुद्दाम.

पुढच्याच वर्षी बारावीतला एक मुलगा माझ्याकडे आला. महाडीबीटीचे अर्ज मीच भरून देते, त्यामुळे शिष्यवृत्ती अडली की पोरं कार्यालयात न जाता लॅबमध्ये येतात. पोर्टलवर पैसे गेल्याचं दिसत होतं, पासबुकात नव्हते. आधारच्या साइटवर बघितलं, तर त्याचं आधार भलत्याच बँकेला जोडलेलं. "हे खातं कधी काढलंस?" विचारलं तर गप्प. म्हटलं चल, बँकेतच जाऊ.

काउंटरवरच्या बाईंनी आधार नंबर टाकला, माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीन थोडी वळवली. शिल्लक शिष्यवृत्तीचीच. खाली होल्डची रक्कम, आणि ती सात आकडी. मी आकडा दोनदा वाचला. ज्याच्या बापाच्या नावावर दीड एकर कोरडवाहू जमीन, त्याच्या खात्यातून लाखांची ये-जा झाली होती आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून खातं फ्रीझ झालं होतं. पोरगं मागे उभं होतं. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं जुनं पासबुक, घरच्या खात्याचं. ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होतं, "मॅडम, आईशप्पथ, मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही."

आणि ते खरं होतं! ओटीपी त्यानं सांगितलाच नव्हता. त्यानं सिम देऊन टाकलं होतं. सिम, एटीएम कार्ड, पिन, नेटबँकिंगचा पासवर्ड, सगळा संच. बदल्यात पाच हजार रोख. शपथ त्यानं अक्षरशः पाळली होती. त्या क्षणी माझा संताप त्याच्यावर नव्हता, त्या बॅनरवर होता.

घेणारा कोण? अनोळखी नव्हे, परदेशातून बोलणारा कुणी सायबर भामटाही नव्हे. व्यायामशाळेत येणारा, पोरांना वडापाव खिलवणारा, गल्लीतलाच दादा. "गेमिंगचं पेमेंट येतं, माझ्या खात्याची लिमिट संपलीय, तुझं जुनं खातं नको, नवं काढ," एवढंच तो म्हणाला. नवं खातं वेगळं, म्हणजे आपलं घरचं खातं सुरक्षित, असा पोराचा हिशेब. पण नवं खातं काढताना सरकारी लाभ याच खात्यात घेण्याच्या संमतीवर खूण झाली होती. सरकारी लाभासाठी आधार एका वेळी एकाच बँकेला जोडलेलं राहतं आणि अनुदान, शिष्यवृत्ती तिकडेच वळते. दादानं बोट लावायला सांगितलं तिथे यानं बोट लावलं होतं.

मागची साखळी मला नंतर कळली. कुठल्या तरी शहरातला एक गृहस्थ शेअर ट्रेडिंगच्या बनावट ॲपमध्ये पैसे भरतो. ते पहिल्या खात्यात येतात, काही मिनिटांत फुटून चार-पाच खात्यांत जातात, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी एटीएममधून रोख निघते. गृहस्थ 1930 ला फोन करतो, तक्रार नोंदते, आणि पैसे ज्या ज्या खात्यातून गेले त्या प्रत्येक बँकेला सूचना जाते. चोर मोकळा राहतो, कारण कागदावर तो कुठेच नाही. कागदावर आमचं पोरगं. पोलीस अशा खात्याला म्यूल खातं म्हणतात. अशी खाती हुडकून काढायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं म्यूलहंटर नावाची वेगळी यंत्रणा उभी केली आहे. यंत्राला जे शिकवलं ते पोरांना शिकवायला आमच्या वेळापत्रकात तास नाही.

आपल्या सगळ्या व्याख्यानांत पोरगं हे फक्त फसवलं जाणारं असतं. लिंकवर बोट ठेवणारं, बावळट, बिचारं. सतरा-अठराच्या पोरांना स्वतःबद्दल असं कधीच वाटत नाही, म्हणून ती ऐकत नाहीत. चोराच्या साखळीत आपणही एक कडी होऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. शिवाय यात त्यांना चोरीसारखं काही दिसतही नाही. मी वर्गात विचारलं, गेमचा आयडी कुणी विकलाय? निम्मे हात वर. भाड्यानं? आणखी काही. आयडी, पासवर्ड आणि जोडलेला नंबर देऊन पैसे घ्यायचे, हा व्यवहार त्यांच्या जगात आठवीपासून चालू आहे. बँकेचं खातं त्यांच्या लेखी आणखी एक आयडी. हे मला पोरांच्या तोंडून कळलं, पाहुण्यांच्या स्लाइडवर नव्हतं.

प्राचार्यांकडे गेले तर त्यांनी आधी दार लावलं. मग फाइल काढली. "हे बघा, कार्यक्रम झालाय. त्याची सहीसुद्धा आहे हजेरीपटावर." मला वाटलं होतं, पोराला तिकडच्या पोलिसांना उत्तर लिहायला महाविद्यालयाचं पत्र मिळेल: नियमित विद्यार्थी आहे, वर्तन चांगलं आहे, एवढंच. ते नाही मिळालं. मिळालं ते मलाच एक समजपत्र, विद्यार्थ्यांच्या खासगी आर्थिक बाबींत परस्पर लक्ष घालू नये म्हणून. वर शिपायाकरवी निरोप, की हे पालक सभेत काढू नका, नाव खराब होतं.

नाव खराब होण्याच्या या भीतीनं किती पोरं मरतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मुलीचा फोटो कुणी बदलून फिरवला तरी तेच, मुलाला व्हिडिओ कॉलवर उघडं करून कुणी पैसे मागितले तरी तेच. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नं बंधनकारक आहे आणि संस्थाप्रमुखानं दडवलं तर कलम 21 खाली शिक्षा आहे. मुख्याध्यापकांनो, प्राचार्यांनो, हे छापून टेबलाच्या काचेखाली ठेवा. आणि त्या मुलामुलींसाठी एवढंच: पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, घरातल्या ज्या माणसाची भीती सगळ्यांत कमी वाटते त्याला आजच सांगा.

आता शिकवायचं कसं. मी हल्ली तासाच्या सुरुवातीला बोलतच नाही, फळ्यावर पाच खाती काढते. पहिल्यात दहा हजार येतात, मग फुटतात, शेवटी रोख निघते. प्रश्न एकच: पोलीस आधी कुणाच्या दारात येतील? पोरं आधी "मेन माणूस" म्हणतात. मग त्याचं नाव कुठे लिहिलंय ते शोधायला लावते. ते कुठेच नसतं. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, पण पप्पांचं अकाउंट दिलं तर?" सगळे हसले. मी नाही हसले. तो मुलगा खरंच विचारत होता.

यूपीआय प्रत्यक्ष करून घ्या. पैसे यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही; पिन टाकला की पैसे आपल्याकडूनच जातात. हे सांगून बसत नाही, दोन फोन समोरासमोर ठेवून दहा रुपये पाठवले की बसतं. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते प्रत्येकाला, आणि घरी आईबापांना, बघायला लावा. आमच्या एका मुलीच्या आईच्या नावावर असा नंबर निघाला जो घरात कुणी कधी ऐकला नव्हता; सिम घेताना दुकानदारानं "अंगठा नीट उमटला नाही" म्हणून पुन्हा घेतला होता. तिथल्या तिथे "हा माझा नंबर नाही" अशी तक्रार टाकली. आधार कुठल्या बँकेला जोडलंय हेही तसंच, दोन मिनिटांचं काम आहे. बाकी पासवर्ड मजबूत ठेवा, ॲप अधिकृत ठिकाणाहूनच घ्या, अनोळखी लिंक उघडू नका, हे सगळीकडे लिहिलेलं असतं, खरंही आहे.

आणि हे बारावीपर्यंत थांबू नका. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2025 च्या परिपत्रकाप्रमाणे दहा वर्षांच्या पुढचं मूलसुद्धा बँकेनं ठरवलेल्या मर्यादेत स्वतःचं खातं स्वतः चालवू शकतं. म्हणजे पाचवी-सहावीतच खातं हातात.

ज्यांच्या घरी हे घडून गेलंय त्यांच्यासाठी, मला धक्के खाऊन कळलेलं. खातं नुकतंच दिलं असेल आणि आज उपरती झाली असेल, तर आजच बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या, कार्ड आणि नेटबँकिंग बंद करून घ्या, सिम बंद करा, आणि पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःहून सांगा. फ्रीझ झाल्यावर सांगण्यात आणि आधी सांगण्यात फार फरक पडतो. फ्रीझ झालंच असेल तर बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा क्रमांक, कुठल्या राज्याचं कुठलं पोलीस ठाणं, आणि वादातली नेमकी रक्कम. काउंटरवर "आमच्या हातात नाही, पत्र आणा" म्हणतील. पत्र कुणाकडून आणायचं हे तेवढं सांगत नाहीत. अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खाली हजर राहण्याची नोटीस आली तर ती उशाखाली ठेवून चालत नाही. हजर न राहणं हेच अटकेचं कारण होऊ शकतं. वकील गाठा. तालुक्यात विधी सेवा समिती असते, तिथे गरिबाला फुकट सल्ला मिळतो. दादाबरोबरचं चॅट, त्यानं पाठवलेले व्हॉइस मेसेज, सगळं ठेवा. आमच्या पोरानं घाबरून पुसलं होतं, पण मित्राच्या फोनवर थोडं उरलं होतं, तेवढ्यावर तपास दादापर्यंत गेला.

आणि शिष्यवृत्ती बुडू द्यायची नसेल तर फ्रीझ उठायची वाट बघू नका. आधार दुसऱ्या, चालू खात्याच्या बँकेला जोडून घ्या. बँकेत नुसतं "आधार लिंक करा" म्हणू नका, "डीबीटीसाठी सीडिंग" म्हणा, म्हणजे सरकारी पैसे ज्या खात्यात यायचे त्याची जोडणी. एका कामासाठी गेलं की भलतंच करून देतात आणि पोरगं पुढच्या हप्त्यालाही तसंच अडकतं. आमच्या पोराचा पुढचा हप्ता घरच्या खात्यात आला. पहिला अजून तिकडेच आहे.

शेवटचं, कारण हे त्याच्या वडिलांच्या बाबतीत घडलं. खातं फ्रीझ झाल्यावर काही दिवसांनी त्यांना फोन आला. मी अमुक सायबर सेलमधून बोलतोय, वीस हजारांत फ्रीझ उठवून देतो, केस तिथेच मिटवतो. वडील गाय विकायला निघाले होते. फ्रीझ असा फोनवर पैसे घेऊन उठत नाही. तो सहसा तपास अधिकाऱ्याच्या किंवा कोर्टाच्या लेखी आदेशानं उठतो आणि तो आदेश बँकेकडे जातो, खातेदाराच्या व्हॉट्सॲपवर नाही. मी त्या माणसाला उलट फोन लावला आणि तक्रारीचा क्रमांक विचारला. त्यानं मला दमात घेतलं, मग साहेबांशी बोला म्हणाला, मग साहेब मीटिंगमध्ये गेले. तो नंबर मी 1930 वर कळवला आणि वडिलांच्या फोनमध्ये ब्लॉक करून दिला. गाय गोठ्यात आहे. समजपत्राला उत्तर मी अजून दिलेलं नाही.