बाजार उठल्यावर

आठवड्याचा बाजार संध्याकाळी उठतो. भाजीवाल्या पाट्या आवरतात, व्यापाऱ्यांचे टेंपो निघून जातात. मग मागे काय उरते? कोबीचा पाला, मेथीच्या काड्या, नासके टोमॅटो, कांद्याची टरफले, उसाची चिपाडे, केळीची साले. त्यातच प्लॅस्टिकच्या पिशव्या, सुतळी, फुटक्या बाटल्या. उद्या कोणीतरी झाडील, असे म्हणून सगळे घरी जातात.

त्या ढिगावर माशी बसते. ती तिथे अंडी घालते. उन्हाळ्याच्या दिवसांत अंड्याची अळी होते, अळीचा कोश होतो, आणि आठ-दहा दिवसांत नवी माशी उडू लागते. आपला बाजार कितव्या दिवशी भरतो? आठव्या! म्हणजे या बाजाराच्या घाणीतली माशी पुढच्या बाजारातल्या भज्यांवर येऊन बसते. कोणी म्हणतात, काडी लावा, मोकळे व्हा. पण ओला पाला नीट पेटत नाही, नुसता धुमसतो. प्लॅस्टिक जळते, आणि त्याचा विषारी धूर घराघरांत शिरतो.

आता जरा विचार करा. हा पाला आला कुठून? तुमच्याआमच्याच रानातून. रानाचा कस घेऊन तो वाढला. तो कस रानात परत गेला पाहिजे. पण काचा-पिशव्यांचा कचरा शेतात टाकायला कोण तयार होईल? कोणीच नाही, आणि त्यात शेतकऱ्याची चूक नाही. म्हणून कचरा वेगळा करायचा तो बाजारातच, आणि त्याच संध्याकाळी. एकदा ढीग झाला, की मग निवडणे फार जड जाते. प्रत्येक दुकानापाशी दोन पोती ठेवावीत. एकात पाला नि साली, दुसऱ्यात बाकीचे. काच मात्र पोत्यात टाकू नये, तिला पत्र्याचा डबा वेगळा असावा.

पाल्यातला ताजा भाग जनावरांना चालतो. मक्याची साले, कोबीची पाने गुरे आवडीने खातात. पण बुरशी आलेले काही घालू नका. हिरवे पडलेले, कोंब फुटलेले बटाटे विषारी असतात. कांदाही फार घालू नये. जास्त कांद्याने गुरांचे रक्त कमी होते, जनावर दगावते सुद्धा. आणि पिशवी? गाय पिशवीसकट भाजी गिळते. भाजी पचते, पिशवी पोटातच राहते. एकावर एक पिशव्या साठतात, मग गाय चारा सोडते. दुभती गाय अशी गेली तर घराचे काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. महाराष्ट्रात २०१८ साली अशा पिशव्यांवर बंदी आली. तरी त्या बाजारात दिसतातच!

उरलेल्या पाल्याचे खत करा. नुसता पाला खड्ड्यात टाकला तर तो सडतो, घाण मारतो. भाजीत बहुतेक पाणीच असते ना. त्याला सुक्याची जोड द्यावी लागते. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांनी याचे प्रयोग केले आणि १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिले. ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती हीच.

खड्डा ३ फूट खोल, ६ फूट रुंद घ्या. लांबी कचऱ्याच्या मानाने ठेवा. तळाशी वीतभर सुका थर घाला: पाचट, वाळका पालापाचोळा, भुसा, जे मिळेल ते. त्यावर चार बोटे ओला पाला. त्यावर शेणकाला शिंपडा, मूठ-मूठ माती नि राख टाका. मग पुन्हा सुका थर. असे करीत खड्डा भरा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साठते, तेव्हा जमिनीवरच ढीग रचा.

थोड्याच दिवसांत ढीग आतून तापतो. लोखंडी पहार आत खुपसून ठेवा, थोड्या वेळाने काढून हात लावा. चटका बसला तर काम बरोबर चालले आहे. या उष्णतेने तणाचे बी आणि रोगाचे जंतू मरतात. पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी ढीग वरखाली करा. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. त्याला घाण वास येत नाही. मटण-मासळीचा कचरा मात्र यात नको. कुत्री ढीग उकरतात. तो वेगळा, खोल पुरावा.

शहरांत बाजार रोज भरतो, तिथे कचराही फार. हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजीबाजारात या कचऱ्याचा गॅस करतात. तिथे रोज सुमारे १० टन कचऱ्यापासून सुमारे ५०० युनिट वीज होते, असे २०२१ साली सांगितले गेले. बाजारातले दिवे त्यावर लागतात, खानावळीतला स्वयंपाक त्या गॅसवर होतो. आपल्या आठवडी बाजाराला एवढे यंत्र कशाला? खड्डा पुरतो.

आता झाडणाऱ्याचे बोलू. बऱ्याच गावांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठराविक घरांवर टाकले आहे. काच त्यांच्याच हातात घुसते. आम्हाला हे बरोबर वाटत नाही. ज्याचे दुकान, त्याने आपला पाला पोत्यात भरावा. झाडणाऱ्याला हातमोजे, बूट आणि ठरलेली मजुरी मिळावी. पैसा कुठून आणायचा, म्हणाल? ग्रामपंचायत दुकानदारांकडून बाजाराची वसुली घेते, पावती देते. वर्षाची वसुली किती झाली आणि त्यातले झाडलोटीला किती गेले, हे ग्रामसभेत विचारता येते. आता तुम्हांला वाचता येते. वसुलीचा हिशेब मागून घ्या, आकडे स्वतः वाचा, आणि तिथेच खड्ड्याची जागा ठरवून घ्या.